शरियत न्यायाधीशाचा ग्रंथ

३ मार्च १९२४ रोजी तुर्की संसदेने खिलाफत रद्द केली. रिकाम्या पदावर इजिप्तचे राजे फुआद यांचा डोळा असल्याची चर्चा कैरोत होती. अशा वेळी, १९२५ मध्ये, अली अब्दुल राजिक या शरियत न्यायाधीशांनी ग्रंथ लिहिला. पैगंबरांचे कार्य धर्माचे होते, राज्यस्थापनेचे नव्हे. खिलाफत हे धर्मकर्तव्य नाही. शासनपद्धती माणसांनी विवेकाने ठरवावी. आधार कुराण-हदीसचाच, म्हणून युरोपचे अनुकरण ठरवून तो झटकणे अवघड होते.

अल-अझहरच्या ज्येष्ठ उलेमांनी त्यांची विद्वत्पदवी काढून घेतली, न्यायाधीशपदही गेले. निर्णय अमलात आणण्यास कचरलेले न्यायमंत्री अब्दुल अझीझ फहमी यांचेही मंत्रिपद गेले. याला निव्वळ धर्मनिर्णय म्हणणे कठीण! फुआद यांच्या पश्चात, १९४० च्या दशकात, हेच राजिक वक्फ खात्याचे मंत्री झाले.