शरदातले नवेगाव

इंग्रजी 'ऑटम'ला मराठीत 'शरद' म्हणण्याची सोय आपण फार पूर्वीच करून ठेवली आहे, आणि ही सोय वर्गात दरवर्षी थोडी अडचण करते. शरद म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे पिवळ्या-तांबड्या पानांचे सडे येतात, कारण चित्रपटांत आणि संगणकाच्या पडद्यावर त्यांनी ऑटम तसाच पाहिलेला असतो. आपल्याकडची पानगळ शिशिरातली. आश्विन-कार्तिकाचा शरद म्हणजे धुतलेले आकाश, निवळलेले पाणी आणि भरली शेते. कालिदासाने 'ऋतुसंहारा'चा तिसरा सर्ग, वर्षेच्या पाठोपाठचा, दिला तो या शरदाला. गंमत अशी की कीट्सच्या 'टू ऑटम'मध्येही पानगळीचे फारसे काही नाही. तिथे पिकलेली फळे आहेत, कापणी आहे, दाणागोटा आहे. वाळक्या पानांचा झंझावात आहे तो शेलीच्या पश्चिम वाऱ्यावरच्या कवितेत. तेव्हा शब्दाची निवड वाटते तितकी वाईट नाही, शब्दामागून येणारे चित्र तेवढे परके आहे.

हे सारे आठवायचे कारण अगदी व्यावहारिक. गेले काही आठवडे आम्ही चौघे एका सहलीची आखणी करीत आहोत. चौघे म्हणजे नागपूर, वर्धा आणि पुणे अशा तीन गावी मराठी शिकवणारे आम्ही तीन जुने वर्गमित्र आणि आम्हाला एम.ए.ला शिकवलेल्या, आता निवृत्त होऊन नागपुरातच राहणाऱ्या बाई. ठिकाण नवेगावबांध, मुक्काम एका रात्रीचा, ऋतू शरद. यातली पहिली दोन कलमे पाच मिनिटांत मंजूर झाली. तिसऱ्यावर मात्र वाद झाला आणि तो लिहून ठेवण्याजोगा वाटला.

नवेगाव राष्ट्रीय उद्यान लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे 134 चौरस किलोमीटर, स्थापना 1975 सालची, जिल्हा गोंदिया, तालुका अर्जुनी मोरगाव. 2013 साली नागझिरा, नवीन नागझिरा, कोका ही अभयारण्ये त्याच्याशी जोडून व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून त्याचे नाव जोडनावात घेतले जाते. ताडोब्याला जाणारा माणूस इथे सहसा येत नाही. आला तर वाघासाठी येतो, आणि वाघासाठी यायचे तर एप्रिल-मे. तेव्हा पाने गळालेली असतात, गवत वाळलेले असते, जनावर पाणवठ्यावर येते आणि दिसते. पावसाळ्यात बंद असलेले जंगलरस्ते ऑक्टोबरात उघडतात खरे. पण तेव्हा गवत पुरुषभर उंच असते आणि रान इतके दाट की दहा हातांवरचे सांबरही दिसू नये. चौकशीसाठी ज्यांना ज्यांना फोन केला त्या सर्वांनी एकच सल्ला दिला : आता येऊ नका, उन्हाळ्यात या.

सल्ला चांगलाच होता. पण आम्हाला मुळात वाघ नको होता. आम्हाला तलाव हवा होता, आणि तोही आधी एका पुस्तकात पाहिलेला.

मारुती चितमपल्ली 18 जून 2025 रोजी सोलापुरात गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. 2006 सालच्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, हे आमच्या वाचकांना ठाऊक असेलच. वनखात्यातल्या नोकरीची काही वर्षे त्यांनी नवेगावबांधला काढली आणि त्यातून 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक झाले. बाईंनी त्यातली पाने आम्हाला वाचून दाखवली ती ललित गद्याच्या तासाला. पुढे आम्ही तिघांनीही ती आपापल्या वर्गात वाचली. मराठी निसर्गलेखनात चितमपल्लींचे वेगळेपण कशात, हा आमच्या प्रश्नपत्रिकेतला ठरलेला प्रश्न. त्याचे ठरलेले उत्तर 'निरीक्षणात' असे येते. आम्हाला ते अपुरे वाटते. निरीक्षण व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा'तही आहे, आणि गद्याच्या बांधणीत माडगूळकर केव्हाही सरस. चितमपल्लींचा खरा ध्यास नावांचा. रानातली माणसे पाखराला, झाडाला, माशाला काय म्हणतात ते ऐकायचे, संस्कृत कोशात त्याचा माग काढायचा, आणि दोन्हीकडे शब्द सापडला नाही तर नवा घडवायचा. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या विणीच्या जागेला 'सारंगागार' हे त्यांचे शब्द. घरात तेलुगू बोलणारा हा माणूस मराठीच्या कोशात भर घालत राहिला. पक्षिकोश हे एका अर्थाने त्याचे सर्वात ललित पुस्तक आहे, असे आमच्यातल्या पुणेकराचे मत. ते टोकाचे आहे, पण खोडून काढता येत नाही.

आता तारखांचा वाद. पुणेकरांना कोजागरीच्या जवळपासचा शनिवार-रविवार हवा होता : चांदणे, तलाव, निरभ्र आकाश, झाले. वर्धेकर दिवाळीनंतरच्या बाजूचे. झाडीपट्टीत दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते, दंडारी उभ्या राहतात, वडशाच्या नाटकमंडळ्यांचा हंगाम सुरू होतो. आपण मराठी नाटकाचा इतिहास शिकवायचा तो सांगलीपासून, आणि रात्रभर चालणारी ही रंगभूमी दोन स्टेशनांवर असताना चांदणे बघून परत यायचे, याला काय म्हणावे, असा त्यांचा सवाल. (वडसा अगदी दोन स्टेशनांवर नाही, पण गोंदिया-बल्लारशा हाच रेल्वेमार्ग दोन्हींजवळून जातो, तेव्हा अतिशयोक्ती क्षम्य.) शिवाय पाहुणी बदके उत्तरेकडून उतरू लागतात ती ऑक्टोबरच्या अखेरीपासून. कोजागरीला तलावावर चंद्र असेल, चक्रवाक नसेल.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा सोडून तुम्ही म्हणाल ते."

त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. काचबिंदू. या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी एवढ्यासाठीच सारे उपाय. समोरचे दिसते, कडेचे हळूहळू नाहीसे होत जाते. आम्हाला हे दोन वर्षांपासून ठाऊक होते, पण त्या विषयावर त्या बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी होऊन सांगितले. वाचताना ओळीचे टोक सापडत नाही, ओळ संपली असे वाटते आणि तिला पुढे आणखी दोन शब्द असतात. "म्हणजे सगळे गद्य मुक्तछंद झाले आहे," त्या म्हणाल्या आणि हसल्या. आम्हाला हसता आले नाही.

त्यानंतर आखणीचा रोखच बदलला. जिप्सीत बसून रान पाहणे हे बहुतांशी कडेच्या नजरेचे काम आहे. जनावर समोर उभे राहत नाही, डाव्या-उजव्या बाजूला कुठेतरी हलते, आणि 'ते बघा, ते बघा' होईतो गेलेले असते. अशा चार फेऱ्यांत बाईंच्या वाट्याला काय आले असते? आम्ही चारांची एक फेरी केली, रविवार सकाळची, आणि तीही त्यांची इच्छा असेल तर. उरलेला सगळा वेळ तलावाच्या पाळीवर. दुर्बिणीचा प्रश्न निघाला तेव्हा त्या म्हणाल्या की दुर्बिणीत सर्वांनाच एवढेसे वर्तुळ दिसते, तिथे आपण बरोबरीत असू.

तारीखही त्यामुळे ठरली. 5 ते 12 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. 5 ही चितमपल्लींची जन्मतारीख, 12 सालिम अलींची. त्यातला शनिवार-रविवार आम्ही घेतला. बदके आलेली असतील, मंडई एखादीतरी सापडेल, आणि कार्तिक असल्यामुळे शरदही मोडत नाही. पुणेकरांचे चांदणे तेवढे गेले. त्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. मात्र भरपाई म्हणून येताना महाराष्ट्र एक्सप्रेसनेच येणार असे जाहीर केले. कोल्हापुराहून निघून पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर करीत गोंदियाला पोचणारी ही गाडी राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रडतखडत जाते. त्याहून वेगवान गाड्या आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. पुण्यातला मराठी विभाग आणि झाडीपट्टी यांत किती अंतर आहे ते एकदा बूड शेकून मोजायचे आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांची शनिवार-रविवारची सहल अशा रीतीने चार दिवसांची झाली आहे.

तलावाविषयी आम्ही जे जमवले त्यातले थोडे सांगितले पाहिजे, कारण तो नुसता 'निसर्ग' नाही. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा हा जलाशय माणसांनी बांधलेला आहे. बांधणारा कोलू पाटील कोहळी. भंडारा-गोंदियाकडचे कोहळी तळी बांधण्यात आणि उसाच्या शेतीत वाकबगार, आणि त्या मुलखात अशी तळी शेकड्यांनी आहेत. माजी मालगुजारी तलाव हे त्यांचे सरकारी नाव; लोकांनी त्याचे 'मामा तलाव' करून टाकले. (कोणत्याही भाषा सल्लागार मंडळाला हे सुचले नसते.) कोलू पाटलाचा पुढे देव झाला, कोलासूर, तलावाभोवतीच्या एका डोंगरावर त्याचे ठाणे आहे. भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात, आणि बांध घालताना त्यांनी हात लावला अशी लोककथा आहे. कर्त्या माणसाचे दैवत होते आणि त्याच्या भोवतालच्या टेकड्या त्याच्या मदतनीस होतात, ही कल्पना लोकसाहित्याच्या तासाला आम्ही किती उदाहरणांनी समजावतो! इथे ती भूगोलातच आहे. अशा तळ्यांत आपोआप उगवणाऱ्या रानभाताला तिकडे 'देवधान' म्हणतात, आणि तळी गिळत सुटलेल्या, बाहेरून आलेल्या एका झुडपाला 'बेशरम'. नाव ठेवण्यातली ही तत्परता पाहिली की चितमपल्लींना शब्द कुठे मिळाले याचे नवल वाटत नाही.

मात्र एक शंका आम्हाला पहिल्यापासून आहे. पुस्तकातला तलाव अर्ध्या शतकापूर्वीचा. ज्यांच्याकडून चितमपल्लींनी ऐकले ती ढिवर आणि गोंड माणसे आता नसणार. त्यांच्या नातवंडांच्या हातात आपल्यासारखाच फोन असणार, आणि त्यावर पक्ष्यांची इंग्रजी नावे दाखवणारे ॲपही. सारस तर महाराष्ट्रात मोजक्या संख्येने उरले आहेत, आणि आहेत ते मुख्यतः याच गोंदिया जिल्ह्यात, भातखाचरांच्या आश्रयाने. पावसाळ्यात धानात घरटे करायचे, आणि धान कापणीला येईतो पिलू आईबापांबरोबर चालू लागायचे, असा त्यांचा क्रम. म्हणजे आम्ही जाऊ तो काळ त्यांच्या बिऱ्हाडाला भेटण्याचा. भेटतीलच याची खात्री कोणी दिली नाही. वर्धेकरांना भीती वाटते ती निराशेची : पुस्तकाने भरून ठेवलेली जागा रिकामी निघाली तर वर्गात पुन्हा ती पाने वाचताना आवाजात फरक पडेल. पुणेकरांच्या मते पडला तर पडू द्यावा. वर्षानुवर्षे एकाच आवाजात एकच उतारा वाचणे हेही काही फार चांगले लक्षण नाही. आम्हाला दोन्ही पटते.

बाईंना विचारले. सारस जोडीने ओरडतात, आवाज तुतारीसारखा असतो, मैलभर जातो, तो ऐकायला नजर लागत नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

आता उरली आहेत ती किरकोळ कामे. भंडारा, साकोली, सौंदड, कोहमारा असा मोटारीचा रस्ता ठरला आहे; अंतर दीडशे किलोमीटरांच्या आतबाहेर. पहाटे चारला नागपूर सोडायचे, म्हणजे पाण्यावरचे धुके विरायच्या आत पोचू. बाईंसाठी पाठ असलेली घडीची खुर्ची, कारण पाळीवर तासन् तास बसायचे आहे. थर्मास दोन. डोळ्यांचे थेंब तीन वेळा टाकायचे असतात, त्याच्या वेळा वर्धेकरांनी लिहून घेतल्या आहेत. पुस्तकाची प्रत बाईंचीच न्यायची असे ठरले, कारण समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ती संध्याकाळी वाचायची, आळीपाळीने, मोठ्याने. पण आधी तलाव पाहून होईपर्यंत कोणी पिशवीतून बाहेर काढायची नाही, अशी त्यांची अट आहे, आणि ती आम्ही मान्य केली आहे.