जमिनीखालची अमानत

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड गावातले काही व्हिडिओ आमच्या भागात प्रत्येक मोबाईलवर फिरत होते. रात्रीची वेळ, गडाच्या पायथ्याची शेतं आणि अंधारात हलणारे टॉर्चचे उजेड. कोणी फावड्याने माती ओढतंय, कोणी चाळणीने चाळतंय, आणि काहींच्या हातात मेटल डिटेक्टर. १४ फेब्रुवारीला 'छावा' चित्रपट आला होता. त्यात मुघलांच्या दौलतीचं ठिकाण म्हणून बऱ्हाणपूर दिसलं. त्यातच रस्त्याच्या कामात खोदलेली माती तिथल्या शेतात टाकली गेली आणि तिच्यात जुनी नाणी मिळाल्याची बोलवा उठली. मग काय, गावंच्या गावं रात्री खणायला निघाली. पुढे पोलीस आणि प्रशासनाने ते थांबवलं.

मी रावेर भागात उर्दू आणि मराठी शिकवते. बऱ्हाणपूर आम्हाला परराज्यातलं वाटतच नाही. लग्नाचा बस्ता तिथला, सोयरीक तिथली, दवाखानाही बऱ्याचदा तिथलाच. त्यामुळे वर्गात प्रश्न आला, तो असा: "टीचर, ती मशीन कितीला मिळते?" दुसऱ्याने विचारलं, "मुघलांचं सोनं म्हणजे आपलं ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोबाईलवर मिळतं. दुसऱ्याचं देण्यासाठी हा लेख.

आधी हिशोबाची एक गोष्ट. १६८१ च्या सुरुवातीला हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरचं बहादुरपुरा आणि आसपासचे पुरे तीन दिवस लुटले, हा इतिहास आहे. चित्रपटही तेच दाखवतो. म्हणजे ज्या दौलतीची गोष्ट पडद्यावर बघितली, ती त्याच गोष्टीत घोड्यांवर लादून गेली. मग वीस किलोमीटर लांब असीरगडच्या शेतात ती उरली कशी? हा प्रश्न टॉर्च घेऊन निघालेल्या कोणालाही पडला नाही. खजिन्याच्या गोष्टीत हिशोब चालत नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. त्याच मार्च महिन्यात खुलताबादची औरंगजेबाची कबर उखडून टाकण्याची मागणी जोरात होती. १७ मार्चला त्यावरून नागपूर पेटलं. एकीकडे मुघलाची कबर उखडा, दुसरीकडे मुघलाचं सोनं उकरा. नाव नको, मोहरा हव्यात. खणणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते, आपलेही होते, म्हणून हे कोणा एकावर ढकलत नाही. पण दिवसा शिवी देण्यासाठी वापरायचं नाव रात्री चाळणीत शोधायचं, हे माझ्या वर्गातल्या मुलांनाही दिसतं.

गुप्तधनाचा नाद काही चित्रपटाने लावलेला नाही. आमच्या नानीच्या गोष्टींत प्रत्येक पडक्या वाड्यात मोहरांचा हंडा होता आणि हंड्यावर नाग होता. पायाळू मूल, म्हणजे पायांकडून जन्मलेलं, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीखालचं धन दिसतं, हे हिंदू-मुसलमान दोघेही सांगायचे. हिंदूंच्या गोष्टीत नाग राखण करतो, आपल्याकडे जिन्नात. तिकडे मांत्रिक पैसे घेतो, इकडे आमिल. या नादात बळी देण्यापर्यंत लोक गेले आहेत. म्हणून तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा उल्लेख करावा लागला. आता पायाळूची जागा मशीनने घेतली आहे. अंजनापेक्षा ते बरंच, पण मशीनबद्दलही भाबडेपणा तोच.

मशीन करते काय? तिच्या खालच्या गोल चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता विद्युतप्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूत छोटे प्रवाह फिरू लागतात, ते मशीनला जाणवतात आणि ती वाजते. बस एवढंच. तिला सोनं कळत नाही, धातू कळतो. चांगलं यंत्र लोखंड आणि इतर धातू यांत थोडाफार फरक करतं, पण सुटं नाणं साधारण वीतभर, फार तर फूटभर खोलीपर्यंतच. 'पन्नास फूट खोल सोनं दाखवतो' म्हणून दोन हलत्या काड्या विकणारे निव्वळ फसवतात. त्यात आणि अंजनात फरक नाही.

आमच्या नात्यातल्या एका मुलाने हप्त्यावर असं मशीन आणलं. केळीचा बाग निघालेल्या शेतात तो दोन महिने फिरला. मिळालं काय? ट्रॅक्टरचे नटबोल्ट, बाटल्यांची बुचं, खिळे, बैलाच्या पायाची झिजलेली पत्री. आणि एक चांदीचं जोडवं. पोरगा खूश झाला. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या खालाने, जोडवं हातात घेऊन एकच विचारलं, "किसका है, पूछा क्या?" तो म्हणाला, मातीत सापडलं, मातीचं. खालाने ऐकलं नाही. शेतात निंदायला येणाऱ्या बायकांना तिने स्वतः जाऊन विचारलं. तिसऱ्या घरी एक बाई आत गेली आणि दुसरं जोडवं घेऊन बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी निंदणीत पडलं होतं म्हणाली.

खाला शिकलेली नाही, पण तिने केलं ते फिकहच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. सापडलेल्या धनाचे आपल्याकडे दोन प्रकार मानले आहेत. एक रिकाज, म्हणजे फार जुन्या, इस्लामपूर्व काळातल्या लोकांनी पुरलेलं धन. त्यातला पाचवा हिस्सा, खुम्स, बैतुलमालचा, म्हणजे समाजाचा. दुसरा लुकता, म्हणजे कोणाची तरी हरवलेली किंवा राहून गेलेली वस्तू. ती उचलणाऱ्याने वर्षभर पुकारा करून मालक शोधायचा. मालक नाहीच मिळाला, तर हनफी मतानुसार सापडवणारा गरीब असेल तर त्याने वापरावी, सुखवस्तू असेल तर सदका करावी. पुढे कधी मालक आला तर त्याचा हक्क उरतोच.

मग नाणं रिकाज की लुकता, हे ओळखायचं कसं? फकीहांनी खूण सांगितली: नाण्यावर कलम्यासारखी इस्लामी खूण असेल तर तो लुकता. आता मुघल नाणी बघा. अकबराच्या सुरुवातीच्या नाण्यांवर कलमा आहे, शाहजहानच्या रुपयावर आहे. औरंगजेबाने मात्र नाण्यावर कलमा छापणं बंद केलं, कारण नाणं कोणाच्याही हातात जातं, पायदळी येतं, बेअदबी होते. तरी नाव, हिजरी सन, टांकसाळ सगळं त्यावर आहेच. म्हणजे जे 'मुघलांचं सोनं' रात्री चोरून खणलं जात होतं, ते शरियतच्या हिशोबाने 'सापडेल त्याचं' नव्हतंच. ते दिवसाढवळ्या पुकारा करून सांगायचं धन होतं.

देशाचा कायदाही जवळपास हेच म्हणतो. १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कधी. मग जाहीर नोटीस निघते, चौकशी होते. धन गेल्या शंभर वर्षांत कोणी पुरलेलं असेल तर त्या घराण्याला दावा करता येतो. ते बेवारस ठरलं, तर शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा असतो. आपसात काही ठरलेलं नसेल तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारला ते हवं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतं. इथेही पाचवा हिस्सा आला, योगायोगच! आणि लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय असीरगडसारख्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने वेगळा गुन्हा आहे. थोडक्यात, सांगितलं तर मोठा वाटा, लपवलं तर तुरुंग. तरी लोक लपवतात, कारण सरकारी कचेरीवर कोणाचा भरवसा नाही. हे दुखणं खरं आहे आणि ते सरकारनेही समजून घ्यायला हवं.

पण लपवण्याने फक्त कायदा मोडत नाही. मुघल रुपया साधारण साडेअकरा ग्रॅम चांदीचा. सुटा रुपया नाण्यांच्या बाजारात आजही सहज मिळतो. त्याचं खरं मोल तो कुठे, कशात आणि कोणाच्या सोबतीला सापडला यात असतं. हंड्यातलं सगळ्यात नवं नाणं कोणत्या सालचं, यावरून तो कधी पुरला याचा अंदाज येतो. समजा बऱ्हाणपुरात एखादा हंडा निघाला आणि त्यातलं शेवटचं नाणं १६३० चं निघालं. ते दख्खनच्या भीषण दुष्काळाचं साल. त्याच काळात शाहजहान बऱ्हाणपुरात मुक्कामी होता आणि १६३१ मध्ये मुमताज महल तिथेच वारली. बादशहाच्या बेगमेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दुष्काळात घर सोडलेल्या विणकराची गोष्ट मात्र फक्त तो हंडाच सांगू शकतो. बँका नव्हत्या, चुलीखालची जमीन हीच तिजोरी होती. आणि हंडा आजही जमिनीत आहे याचा अर्थ एकच: पुरणारा परत आला नाही. दुष्काळात गेला, लढाईत गेला की देशोधडीला लागला, हे नाण्यांच्या क्रमावरून कळू शकतं. टॉर्चच्या उजेडात मूठमूठ वाटून घेतलं की त्या माणसाची शेवटची खूणही जाते.

इंग्लंडमध्ये हा छंद मोठा आहे. १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज नावाचा माणूस शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा मशीनने शोधत होता. त्याला रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी आणि चमचे लागले. थोडं काढल्यावर तो थांबला आणि त्याने कळवलं. पुरातत्त्ववाल्यांनी जागेवर येऊन सगळं नीट काढलं, त्यामुळे पेटी कशी होती, आत काय कुठे ठेवलं होतं, हेही कळलं. सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस त्याने मित्रासोबत वाटून घेतलं. तो हातोडाही सापडला आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उलट २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये सापडलेला व्हायकिंग काळातला साठा दोघांनी लपवून विकला. २०१९ मध्ये त्यांना लांबलचक शिक्षा झाल्या आणि बहुतेक नाणी कायमची गेली. मशीन दोघांकडे सारखंच होतं.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मुघलांचं सोनं आपलं का? नाही, बेटा. आपले पूर्वज या खानदेशात मोमीन होते, पिंजारी होते, बागवान होते, तडवी होते. त्यांनी सारा भरला, कापड विणलं. मोहरा त्यांच्या घामातून बनल्या, त्यांच्या घरात आल्या नाहीत. म्हणून मुघलांच्या नावाने आपल्याला शिवी देणाऱ्याचंही चुकतं आणि मुघलांची दौलत वारशाने आपली म्हणणाऱ्याचंही.

वारसा म्हणून काय दाखवायचं, तर मी बऱ्हाणपूरची जामा मशीद दाखवीन. फारुकी घराण्यातल्या आदिलशहाने ती १५९० च्या सुमारास पूर्ण केली. आत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेख कोरलेला आहे. सृष्टिकर्त्याला वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ, आणि तारीख नोंदवताना हिजरीसोबत विक्रम संवत आणि शके. मशिदीत संस्कृत! दहा-अकरा वर्षांत अकबराने असीरगड जिंकला, विजयाची आठवण म्हणून ससाण्याचं चित्र असलेली सोन्याची मोहर काढली. ती मोहर आज संग्रहात जपली जाते. हा लेख मात्र मशिदीतच आहे, कोणीही जाऊन बघावा. त्याला मशीन लागत नाही, लिपी यावी लागते. दोन लिपी शिकवणाऱ्या बाईला याहून मोठं धन कोणतं?

सूरह कहफ आपण जुम्याला वाचतो. त्यात हजरत खिज्र आणि हजरत मूसा एका गावात जातात. गाव त्यांना जेवूही घालत नाही. तरी पडायला आलेली एक भिंत खिज्र उभी करून देतात, मजुरी न घेता. मूसांना नवल वाटतं. नंतर कळतं की भिंतीखाली दोन यतीम मुलांचा खजिना होता आणि ती मोठी होईपर्यंत तो झाकलेला राहणं गरजेचं होतं. जमिनीखाली काय आहे हे त्या गावात एकट्या खिज्रना ठाऊक होतं. त्यांनी खणलं नाही, भिंत बांधली.

मशीन घ्यायचं त्याने जरूर घ्यावं. शेतात हरवलेली अंगठी शोधून द्यावी, जोडवं शोधून द्यावं. हंडा लागलाच तर हात थांबवावा, जागा झाकावी, दोन माणसं साक्षीला घ्यावीत आणि तहसील कचेरीत लेखी कळवून पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय मात्र उठू नये.