डक्टमध्ये शिरणार कसं?

गिरगावातल्या एका जुन्या चाळीचा पुनर्विकास माझ्याकडे आला. प्लॉट अरुंद आणि लांबट, दोन्ही अंगांना शेजारच्या इमारती जवळजवळ टेकलेल्या. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या (डीसीपीआर) ३३(७)प्रमाणे प्रत्येक जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट द्यायचं, उरलेल्यातून विक्रीची घरं काढायची. अशा प्लॉटवर इंचाइंचाला कोणी ना कोणी दावेदार असतो. भाडेकरूंना मोरी मोठी हवी, बिल्डरला हॉल मोठा हवा. संडासामागच्या पाइपांच्या डक्टसाठी मात्र मीटिंगमध्ये कोणीच भांडत नाही. तिथे भांडणं माझं काम होतं आणि नेमकी तिथेच मी कात्री लावली.

नकाशावर सगळं बसत होतं. ११० मिलिमीटरचा सॉइल पाइप, ७५ चा वेस्ट पाइप, शेजारी व्हेंट, अशी तीन वर्तुळं आणि भोवती थोडी मोकळी जागा. पण पाइप भिंतीला चिकटून उभा राहत नाही. क्लॅम्पमुळे तो पुढे येतो. मजल्यामजल्यावर बेंड आणि डोअर टी, म्हणजे सफाईसाठी उघडणारं झाकण असलेले जोड, येतात आणि ते डोअर उघडायला माणसाचा खांदा आत जावा लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते काढून पाहिलं नाही.

तिसऱ्या स्लॅबच्या सुमारास प्लंबरने विचारलं होतं, "साहेब, यात शिरणार कसं?" मी म्हणालो, नकाशा पास झालाय, आता बदल नको. खरं तर तेव्हाही वरच्या मजल्यांचा डक्ट वाढवता आला असता. सुधारित नकाशे, बिल्डरची नाराजी, लांबणारं काम हे सगळं मला नको होतं. जागा कमी होती हे खरं, पण हा निर्णय जागेने घेतलेला नव्हता.

पुढे सॉइल पाइपचा एक जॉइंट गळू लागला. भिंतीला ओल धरली, रंगाचे पोपडे सुटले, वास घरभर. बाहेरून हात पोचेना, म्हणून बाथरूमच्या टाइल्स आतून फोडाव्या लागल्या. त्या घरातल्या मावशींनी उभं आयुष्य गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासापुढे रांग लावली होती. घरात स्वतःचा संडास, एवढ्यासाठी त्यांनी पुनर्विकासाच्या कागदावर सही केली होती. काम चालू असताना त्या पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभ्या राहत होत्या. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. मीच जाऊन माफी मागितली.

आता मी डक्ट १:२० मध्ये काढतो, फिटिंगसकट, आणि प्रत्येक मजल्यावर त्याला लॉबीतून दार ठेवतो. त्यापायी बिल्डरशी खटके उडतात. गिरगावच्या इमारतीत डक्ट रुंद होणं शक्य नाही. प्रत्येक बाथरूमच्या भिंतीत आतून उघडणारी झडप बसवायचे नकाशे मी सोसायटीला फी न घेता करून दिले आहेत. काही घरं तयार आहेत. बाकीच्यांना चांगल्या टाइल्स फोडायच्या नाहीत, आणि त्यांना आग्रह कोणत्या तोंडाने करू?