खोक्याने गप्प बसावं

घरी स्पीकर करायचे म्हटलं की सगळी चर्चा ड्रायव्हरवर होते. कुठल्या कंपनीचा, किती इंची, किती वॅटचा वगैरे. आणि खोकं? ते काय, सुताराला सांगितलं की झालं! पण मंडळी, ड्रायव्हर विकत मिळतो. खोकं आपल्यालाच करावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच आहे.

मुळात खोकं लागतं कशाला? ड्रायव्हरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट. खोकं नसेल तर खर्जाच्या लांबलचक लाटा कडेवरून वळसा घालून एकमेकींना मारून टाकतात. नुसता ड्रायव्हर हातात धरून वाजवून बघा, डग्गा जवळजवळ गायब! म्हणून मागची लाट कोंडायची. १९५४ साली एडगर विल्चर यांनी या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं कामाला लावलं आणि लहानशा बंद खोक्यातून भरदार खर्ज काढून दाखवला.

पण कोंडलेली लाट स्वस्थ बसत नाही. ती भिंतींना धक्के मारते, आणि मग भिंती स्वतःच गाऊ लागतात. तानपुऱ्याचा भोपळा गायलाच पाहिजे, मिरजेच्या कारागिरांची सगळी मेहनत त्यासाठीच असते. स्पीकरचं बरोब्बर उलट. वाद्याने बोलावं, खोक्याने गप्प बसावं.

माझ्यासाठी हा नुसता छंदाचा प्रश्न नाही. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी झालंय, त्यामुळे 'स', 'श', 'त', 'थ' निसटतात. आवाज वाढवला तर खालचे सूर आणखी फुगतात, आणि खालच्या सुरांनी वरच्यांना झाकायचं हा तर कानाचा स्वभावच. "अरे, गाणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत," असं ते म्हणतात. खोक्याच्या भिंती दोनशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास घुमल्या तर ते घुमणं नेमकं गायकाच्या आवाजात मिसळतं. म्हणजे आधीच गढूळ पाण्यात आणखी माती. 'बघू पुढच्या दिवाळीत' म्हणून ढकलण्यातलं हे काम नाही.

तर आता लाकूड. पहिला उमेदवार अर्थातच सागवान. दिसायला राजा! पण अखंड लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने हवेतल्या ओलाव्याबरोबर हलतं. मे महिन्यात आकसतं, जुलैत फुगतं. बंद खोक्याचा सांधा उघडला की हवा गळली, आणि विल्चरसाहेबांची स्प्रिंग गेली. सागवान बाहेरून पातळ विनियर म्हणून लावावं, मान राहतो.

दुसरा एमडीएफ. एकजीव, रेषा नाहीत, राऊटरने ड्रायव्हरचं भोक लोण्यासारखं कापलं जातं. पण जड. १८ मिलिमीटरची आठ बाय चारची शीट चाळीस किलोच्या आसपास भरते. कडेला स्क्रू मारला तर चिरतो, आणि कडेने पाणी प्यायला की पावासारखा फुगतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवायची ही वस्तू नव्हे. कापताना उडणारी धूळ फार बारीक असते, शिवाय त्यातल्या गोंदात बहुधा फॉर्मल्डिहाइड असतं. मास्क हवाच.

तिसरा प्लायवुड. थर एकाआड एक उलट्या दिशेने चिकटवलेले, म्हणून आकार टिकतो. वजनाच्या मानाने ताठही जास्त. मात्र स्वस्त कमर्शियल प्लायच्या पोटात पोकळ्या असतात, त्या घरघरतात. दुकानात वरचा गुळगुळीत चेहरा बघू नका, कड बघा.

जाडीचं गणित सोपं आहे. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १२ ऐवजी १८ मिलिमीटर घेतलं तर तो ३.४ पट होतो. मग जाडच घ्यावं ना? इथे बीबीसीच्या इंजिनियर लोकांनी वेगळाच विचार केला. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या एलएस ३/५ए या छोट्या स्पीकरला पातळ बर्च प्लायच्या भिंती होत्या आणि आतून कंप शोषणारे डांबरी थर. ताठ भिंतीचा कंप वरच्या पट्टीत सरकतो, जिथे कान तिखट असतो. पातळ भिंतीचा खाली राहतो, आणि थर त्याला मारून टाकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बग लपवायचा नाही, पण जिथे कमीत कमी त्रास होईल तिथे नेऊन त्याचा बंदोबस्त करायचा.

बराच कीस पाडून मी ठरवलं ते असं. पुढची फळी १८ मिलिमीटर एमडीएफची, कारण ड्रायव्हर नीट बसायला हवा. बाकीच्या पाच बाजू १२ मिलिमीटर मरीन प्लायच्या, आतून गाडीच्या दारांना लावतात ती डांबरी डॅम्पिंग शीट. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस. एमडीएफच्या सगळ्या कडांना सीलर. पाठीमागची फळी स्क्रूची, म्हणजे नंतर आत हात घालता येईल.

सुतारकाकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी प्लायच्या तुकड्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, मग डांबरी शीट चिकटवलेल्या तुकड्यावर. पहिला 'टंग' म्हणाला, दुसरा नुसताच 'ठप्'.

"हा मेलेला आहे," काका म्हणाले.

मला तोच हवा होता.