बॉल पायथनला परभणी मानवेल का?

परभणी, २० नोव्हेंबर

चि. बाळ,

तुझं पत्र पोचलं. मित्र परदेशी निघालाय, त्याचा बॉल पायथन तू सांभाळणार आणि जानेवारीत इकडे बदली झाली की ताईच्या घरी आणणार, हे वाचलं. ताईचा फोन येऊन गेला. ती घाबरली आहे. तिला सांगितलं की या सापाला विष नसतं आणि भ्याला की तो डोकं आत घेऊन गुंडाळी करून बसतो. तिची भीती निघेल. माझी काळजी निराळी आहे: पुण्याच्या खोलीत जो साप नीट जगला, त्याला तीच पेटी परभणीत पुरेल असं तू गृहीत धरलंयस.

आधी कागदाचं बोलतो. नाग, धामण, मांडूळ, अजगर, आपल्याकडचा कोणताही साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मांडुळाने पैसा येतो म्हणून ज्यांनी तो लपवून ठेवला, त्यांच्यावर कारवाई झाल्याच्या बातम्या तू वाचल्या असशील. बॉल पायथन आफ्रिकेतला, त्यामुळे त्याला पाळता येतं; पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनंतर त्याची परिवेश पोर्टलवर नोंद लागते आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. मित्र विमानात बसायच्या आत हे करून घे. कागद नसेल तर साप आणू नकोस, यात मी तडजोड करणार नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण थंडीत कुडकुडलो तरी आतली शेगडी चालू असते. सापाला ती नाही. अन्न पचवणं, जखम भरणं, जंतूंशी लढणं, हे सगळं तो बाहेरून घेतलेल्या उबेवर करतो. हिवाळ्यात शेतकरी रोटाव्हेटरखाली सापडलेली धामण घेऊन येतात, तेव्हा टाके घालण्याआधी मी तिला उबेला ठेवतो. अंग गार असताना दिलेलं औषध शरीरात नीट पसरत नाही आणि नीट बाहेरही पडत नाही. पोटात उंदीर असताना साप गारठला तर तो उंदीर आतच कुजू लागतो, साप तो ओकून टाकतो, कधी त्यातच मरतो. त्याचं घर जितकं तापतं, तितकाच त्याचा देह चालतो. पेटी, वायर, बल्ब यांकडे तू सामान म्हणून पाहू नयेस, म्हणून हे एवढं लिहिलं.

आपल्या मुलखातला साप हे कसं निभावतो ते बघ. मे महिन्यात इथली काळी माती हात घालावा एवढी फाटते. वर चव्वेचाळीस अंश असले तरी त्या भेगांच्या आणि उंदरांच्या बिळांच्या तळाशी दिवसरात्रीचा फरक फारसा पोचत नाही. नाग, धामण तिथं उतरतात. डिसेंबरात तेच साप सकाळी उशिरा बांधावरच्या दगडावर येऊन पडतात. म्हणजे एकच एक तापमान त्यांना कुठंच नसतं. गरम आणि गार यांतली निवड त्यांच्या हातात असते. बॉल पायथनही त्याच्या देशात गवताळ रानात, उंदरांच्या बिळांत आणि वारुळांतच दडतो. तेव्हा तुझ्या पेटीचं काम एवढंच की तिच्या एका टोकाला ऊन हवं, दुसऱ्याला सावली आणि दोन्हीकडे अंग चेपून बसता येईल असा अंधारा आडोसा. आडोसा एकाच बाजूला ठेवलास तर भित्रा साप ऊब सोडेल, पण लपण सोडणार नाही.

मोठ्या सापाला साधारण चार फूट लांब, दोन फूट खोल आणि तेवढीच उंच पेटी हवी. अंग सरळ ताणता आलं पाहिजे. मित्राकडची काचेची टाकी असेल तर ती बदल. काच थंडीत ऊब लगेच सोडते. प्लायची, पुढं सरकती काच आणि तिला कुलूप असलेली पेटी इथल्या सुताराकडून करून घेऊ. उबेच्या टोकाला बत्तीस अंशांच्या आसपास, गार टोकाला पंचवीस ते सत्तावीस, रात्री बाविसाच्या खाली नाही. उष्णतेसाठी वर जाळीत बंद केलेला सिरॅमिक बल्ब किंवा तळाशी हीट मॅट, दोन्ही थर्मोस्टॅटला जोडलेले. जाळीशिवाय बल्ब ठेवायचा नाही, साप त्याला विळखा घालतो. विजेवर तापणारे नकली दगड दुकानात मिळतात, ते तर अजिबात नको. साप भाजत असतानाही त्यावरून कित्येकदा हलत नाही, आणि पोटाखालची ती जखम भरायला महिने लागतात. तापमान हाताने अजमावू नकोस. दोन टोकांना दोन डिजिटल थर्मामीटर लाव.

पण थर्मोस्टॅट ऊब बंद करू शकतो, गारवा देऊ शकत नाही, आणि पुण्यात तुझ्या हे लक्षात आलं नसणार. एप्रिल-मे मध्ये ताईच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली रात्रीसुद्धा खोली भट्टीसारखी असते. पस्तिसाच्या वर साप तगमगू लागतो, चाळिसाच्या आसपास तो तग धरतो, तेही थोडाच वेळ. म्हणून वरची खोली नाही. आपल्या आजोबांचं माळवद अजून उभं आहे, त्याची मातीची जाड भिंत आणि छत दुपारचं ऊन आत पोचू देत नाही. त्यातली मधली खोली मी तुला मोकळी करून देतो. तिथं कूलर लाव, पण झोत पेटीवर नको. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून गार टोकाशी बाहेरून टेकवता येते. खिडकीचं ऊन पेटीवर एक तासही पडता कामा नये.

हिवाळ्याचं म्हणशील तर कृषी विद्यापीठाच्या नोंदीत काही वर्षी पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरलाय, आणि वीज नेमकी पहाटे जाते. हीट मॅट थोड्याच वॅटची असते, साध्या इन्व्हर्टरवर रात्र काढते. हवा खेळायला जागा ठेवून पेटीवर गोधडी घाल. ज्या रात्री विजेचा भरवसा नाही, तिच्या आदल्या दोन दिवसांत सापाला खाऊ घालू नकोस.

ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास लागतो. उन्हाळ्यात इथली दुपार फार कोरडी, कात तुकड्यातुकड्याने निघते आणि डोळ्यावरची पापुद्र्यासारखी चिकटून राहते. ती नखाने ओढायची नाही. ओला नारळाचा काथ्या भरलेला एक डबा आत ठेव, कातेच्या दिवसांत तो आपणहून त्यात शिरेल. पावसाळ्यात उलट, तळ ओला राहिला तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात.

उजेडाबद्दल तू विचारलंस. दिवसाचा बारा तासांचा उजेड आणि रात्रीचा पूर्ण अंधार, एवढं पुरे. लाल-निळे रात्रीचे दिवे विकणारे काहीही म्हणोत, निशाचर सापाची रात्र त्यांनी बिघडते. सौम्य अतिनील दिवा लावलास तर चांगलंच, पण तो नसला तरी चालतं; साप अख्खा उंदीर खातो, त्यातून त्याला ड जीवनसत्त्व मिळतं.

हा साप वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली. तू लग्न करशील, बदल्या होतील, ताई म्हातारी होईल, तेव्हाही त्याला दोन टोकं, दोन आडोसे आणि बंद न पडणारी वीज लागेल. हे मनाशी ठरलं असेल तरच हो म्हण. नाहीतर मित्राला दुसरं नोंदणीकृत घर शोधायला आत्ताच वेळ आहे.

एखाद्या रविवारी कात्रजला जाऊन ये. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ साली उभं राहिलेलं ते सर्पोद्यान. सकाळी जा आणि साप किती वाजता कुठं सरकतो हे पाहत बस. पुस्तकापेक्षा ते जास्त शिकवेल.

सापाची लांबी, वजन, शेवटची कात कधी टाकली आणि तो काय, किती दिवसांनी खातो हे मित्राला विचारून कळव. मापं आली की मी सुताराला सांगतो. पेटी डिसेंबरात तयार करून पंधरवडाभर रिकामीच चालवू, पहाटेचे आकडे वहीत लिहू; ते जमले की मगच साप गाडीत घे. ताईला मी समजावतो.

तुझा,
मामा