वेशीपासून पुढं

शिरोळ भागात पाहुणा यायचा असला, की आधी हलगी शेकली जाते. पाचटाचा जाळ करायचा, त्यावर कातडं धरायचं, टिचकी मारून पाहायचं, पुन्हा धरायचं. तापून ताणलं की पहिला कडकडाट उठतो आणि खालून घुमकं त्याला जोड देतं. तोवर पोरं-पोरी लेझीम घेऊन दोन रांगांत उभी राहिलेली असतात.

लेझीम तालमीतली. लाकडी दांडी, तिला लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. वाकायचं, उसळायचं, फलांग टाकायची, बैठकीतून उठायचं. पाहणाऱ्याला नाच दिसतो, खेळणाऱ्याच्या मांड्या भरून येतात. पाहुण्यासाठी गाव घाम गाळतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बोर्निओ बेटाच्या दक्षिणेला राहणाऱ्या बंजार लोकांचा बक्सा कंबांग हा राजवाड्यातला नाचही पाहुण्यांसाठीच. गामेलानच्या सुरांवर तरुणी पाहुण्यासमोर नाचतात. हातात गुलाब, मोगरा, चाफ्याचे गुच्छ, आणि शेवटी तेच पाहुण्याच्या हाती द्यायचे. फार देखणी रीत आहे ही. तिथं पाहुणा बसलेला आणि स्वागत त्याच्याकडे येतं. लेझीम मात्र पाहुण्याला बसू देत नाही. ‘या पावणं’ म्हणून वेशीत गाडीतून उतरवायचं आणि आपण पुढं व्हायचं. खेळणारी चार पावलं पुढं गेली, दोन मागं आली, की पाहुण्यालाही थबकावं लागतं. मंत्री असो की बक्षीस जिंकून आलेला गावचा पैलवान, तिथून तो गावाच्या चालीनं चालतो. त्या चालीत त्याला गाव दिसतं. ओट्यावरची म्हातारी माणसं दिसतात, दारात उभ्या सासुरवाशिणी दिसतात आणि ऑगस्ट 2019 च्या महापुरानं भिंतीवर ओढलेली रेघही दिसते. मोटारीच्या काचेतून यातलं काय कळणार?

शेजारच्या सांगली जिल्ह्यातले चारशेहून अधिक लेझीमपटू 1982 साली दिल्लीत एशियाडच्या उद्घाटनाला खेळले. सगळ्या आशियाच्या पाहुण्यांपुढं आपली लेझीम वाजली. पुढं 26 जानेवारी 2014 ला सांगलीत 7,338 जणांनी एकत्र खेळून विक्रमही केला. अभिमान आहेच, पण माझं मन रमतं ते वेशीतल्या वीस-पंचवीस जणांत. तिथं खेळणाऱ्याचं नाव पाहणाऱ्याला ठाऊक असतं.

आता बऱ्याचदा पाहुण्याची गाडी थेट मांडवाला लागते. ट्रॉलीवरच्या भोंग्यांतून गाणं वाजतं आणि लेझमी शाळेच्या कपाटात पुढच्या 26 जानेवारीची वाट पाहतात. मला याचं वाईट वाटतं. संयोजक भेटले की मी आर्जवानं सांगतो, पाहुण्याला वेशीतच उतरवा. कार्यक्रमाला थोडा उशीर होईल, होऊ दे. ज्यांना मांडवापर्यंत चालवत नाही, त्यांच्या दारावरून तेवढ्यात पाहुणा जातो.