नवी चेन, जुने दाते

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेटपासून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे. शेवटी चांगलाच चढ लागतो. एका रविवारी त्या चढावर मी पॅडलवर उभा राहिलो आणि चेन ‘खट्’ करून सरकली. पाय रिकामाच खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला. पाच दिवसांपूर्वी बसवलेली कोरी चेन होती.

मनात पहिला विचार आला : काकांनी फसवलं.

काका म्हणजे आमच्या स्टेशनजवळ फुटपाथवर बसणारे सायकलवाले. चेन बदलताना ते म्हणाले होते, “साहेब, फ्रीव्हील पण बदलून घ्या. जुन्यावर नवी चेन टिकणार नाही.” मला वाटलं, आले बिल वाढवायला. फक्त चेन बदलायला सांगितली, आणि वर जुनी चेन पिशवीत घालून मागून घेतली. ती घरी नेऊन मी काय करणार होतो? काही नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाला लावू नये, एवढंच. आता लिहितानाही लाज वाटते.

पार्कातून थेट त्यांच्याकडे गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला, “कसली चेन टाकलीत?” काकांनी मागचं चाक उचललं, हाताने पॅडल फिरवलं, कान देऊन ऐकलं. “चेन बरोबर आहे,” म्हणाले. पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही.

घरी येऊन डिरेलरचे स्क्रू पिळायला घेतले. ‘एच’ आणि ‘एल’ हे स्क्रू चेनने दोन्ही टोकांना कुठपर्यंत जायचं तेवढंच ठरवतात. माझी चेन मधल्या गिअरवर सरकत होती, त्यामुळे त्यांचा काही संबंध नव्हता. तरी पिळले. लॉग न वाचता कोड बदलणाऱ्या ज्युनिअरला मी ऑफिसात जे ऐकवतो, तेच स्वतः करत होतो. तासाभराने चेन सगळ्यांत छोट्या चक्रीवर जाईनाशी झाली. आधीच्या बिघाडात आणखी एक, माझ्या हातचा.

मग स्क्रू पूर्ववत केले आणि सोसायटीच्या आवारात, मागचा ब्रेक किंचित दाबून, सातही गिअर एकेक करून जोर लावून पाहिले. चेन फक्त तिसऱ्या-चौथ्यावर सरकत होती. गिअरच्या वायरचा ताण चुकला असता तर इतर गिअरवरही कुरकुर ऐकू आली असती. चेनची एखादी कडी घट्ट असती तर खटका ठरावीक अंतराने आला असता : चेनला ११० कड्या, पुढच्या चक्रीला ३४ दाते, म्हणजे साधारण सव्वातीन पॅडल-फेऱ्यांनी एकदा. तसंही नव्हतं. जोर दिला की सरकायची, हाताने फिरवली की गुपचूप चालायची. काकांना हातावर काही सापडलं नाही ते म्हणूनच.

तेव्हा पिशवीतली जुनी चेन आठवली. फूटपट्टी लावली. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर असतं. म्हणजे २४ कड्यांचे बरोबर १२ इंच व्हायला हवेत. माझ्या चेनचे बारा आणि वर एक अष्टमांश इंच भरले. एक सोळांश जास्त भरले की चेन बदलायची असते. अष्टमांशापर्यंत चालवली तर बहुधा चक्रीही गेलेली असते.

चेन ताणली जाते म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नाही. पिना झिजतात, कड्यांमधलं अंतर वाढतं, आणि तशी चेन चक्रीचे दाते आपल्या मापाने कोरत जाते. मी दोन पावसाळे एकच चेन चालवली होती, बोरिवली ते गोरेगाव, बहुतेक वेळ तिसऱ्या-चौथ्या गिअरवर. मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं : बाकीचे दाते सरळ, या दोन चक्र्यांचे एका बाजूला झुकलेले, शार्कच्या परासारखे. अचूक मापाची नवी चेन त्यांच्यात नीट बसतच नव्हती. सगळा भार एक-दोन दात्यांवर यायचा आणि चेन वर चढून सरकायची.

म्हणजे काकांनी पहिल्या दिवशी एका वाक्यात जे सांगितलं, तेच मी गुडघा फोडून आणि अख्खा रविवार घालवून शोधलं होतं.

सोमवारी ऑफिसातून येताना गेलो. ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं. हवा भरायला आलेला एक शाळकरी मुलगा तेवढा होता. त्याच्यासमोरच म्हटलं, “काका, चूक माझी होती. तुम्ही आधीच सांगितलं होतंत.”

त्यांनी काही न बोलता चाक काढलं, पान्हा बसवला आणि अंगाचा सगळा भार टाकून फ्रीव्हील सोडवलं. नवं बसवलं, चाक घातलं, पॅडल फिरवून पुन्हा तसाच कान दिला. मग काळं पडलेलं जुनं फ्रीव्हील माझ्यासमोर धरलं.

“हे पण पिशवीत घालून देऊ का, साहेब?”